छटाक आणि दोन किलोंचा नियम

हृदयाच्या ऑपरेशननंतर नियम कसे पाळावेत, हे जगाने माझ्याकडून शिकावं! एकतीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा मला दुकानाच्या पायरीवरूनच दिसायचा. अशा माणसाला कुणी पथ्य शिकवायचं?

डॉक्टरांनी माझी छाती मधोमध उघडली, आत काय ती डागडुजी केली आणि हाड तारेने बांधून मला घरी पाठवलं. सोबत एक कागद दिला. 'सहा आठवडे दोन किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये. त्यानंतर चार किलोंपर्यंत चालेल.'

"द्या, फाइलमध्ये ठेवते," बायको म्हणाली.

"फाइलमध्ये गेलेला नियम कुणी पाळलाय का आजवर?" मी म्हणालो, आणि तो कागद स्वतःच्या हाताने डिंक लावून कपाटाच्या दारावर चिकटवला. पूर्ण पानाला डिंक! कोपरा सुटण्याची बातच नको.

त्याच आठवड्यात सूनबाई बाळंत होऊन घरी आली. मुलगी! ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढत असताना मी एकच मागणं मागितलं होतं, की या नातवंडाला एकदा तरी हातात घ्यायला मिळू दे. तिला पाहिलं आणि मी तिचं नाव ठेवून टाकलं, छटाक. पण वजन निघालं दोन किलो सातशे. म्हणजे सातशे ग्रॅमनी नियमाबाहेर!

"अहो, खुर्चीत बसा. मी मांडीवर देते," बायको म्हणाली. "तुम्हाला कुठे उचलायचंय?"

"मांडीवर ठेवल्याने वजन कमी होतं का? भार तो भारच!"

"मग डॉक्टरांना फोन करून विचारा."

"विचारायचं काय? कागदावर ढळढळीत लिहिलंय!"

मग मी स्वयंपाकघरातला काटा घेतला आणि घरातली वस्तू न् वस्तू तोलून तिच्यावर चिठ्ठी लावली. 'किटली, भरलेली: एक किलो नऊशे. परवानगी.' 'इस्त्री: दोन किलो दीडशे. मनाई.'

"बाबा, टीव्हीच्या रिमोटवरही चिठ्ठी?" चिरंजीवांनी विचारलं.

"एकशे दहा ग्रॅम. बिनधास्त वापरा."

चौथ्या दिवशी सूनबाईने छटाकला तोललं. दोन किलो पाचशे पन्नास! चार दिवसांत दीडशे ग्रॅम घट! मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. छातीत अशी सणसणीत कळ गेली, की उशी घट्ट कवटाळून बसावं लागलं. खोकताना छातीशी धरायला हॉस्पिटलने मला ती दिली होती. तरी मी ओरडलोच, "याच वेगाने पंधरा दिवसांत दोन किलो!"

सूनबाई रडायलाच लागली. "बाबा, तुम्हाला बाळ वाळायला हवंय?"

"अहो, जन्मल्यावर बाळ थोडं उतरतंच!" बायको कडाडली. "त्यावर टाळ्या? लाज नाही वाटत?" आणि तिने काटा उचलून कपाटात कुलूपबंद केला. माझा काटा! पुढचे सगळे दिवस बाळाला पाहायला येणारे आधी मला पाहायचे. "टाळ्या वाजवणारे आजोबा ते हेच का?" असं तोंडावर विचारायचे. मी काय पाप केलं होतं? त्रैराशिक मांडलं होतं!

छटाकही काही कमी नाही. माझा आवाज ऐकल्यासारखी दुसऱ्या दिवसापासून दूध ढोसायला लागली. काटा कुलपात असला तरी माझी नजर सांगते, रोज चाळीस ग्रॅम वर! माझी परवानगी सहा आठवड्यांनी वाढणार आणि ही रोज वाढते, हा कुठला न्याय? बरं, बाकी सगळ्यांना मुभा. शेजारीण तिला घेऊन घरभर फिरायची. मोरीचा नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरनेसुद्धा तिला घेतलं! हात धुऊन, हे मान्य. पण प्लंबर! आणि सख्ख्या आजोबाच्या वाट्याला उशी. एकदा दुपारी बायकोने मला त्या उशीला थोपटताना पकडलं. तेव्हापासून मला बाळाच्या पाळण्याशेजारची खुर्ची मिळाली.

सहा आठवडे झाले. मला तपासायचं आणि छटाकला तोलायचं, दोन्ही एकाच दिवशी, एकाच हॉस्पिटलात. सर्जनबाईंनी माझी छाती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "छान! आता चार किलोंपर्यंत उचला."

मी जवळजवळ धावतच बाळांच्या खोलीत पोचलो. नर्सने छटाकला काट्यावर ठेवलं होतं. तीन किलो नऊशे साठ! जिंकलो! मी हात पुढे केले, नर्सने बाळ उचललं, आणि माझी नजर रिकाम्या काट्यावर गेली. तिथे शून्य नव्हतं. उणे साठ होतं!

गप्प बसायला काय हरकत होती? पण एकतीस वर्षांची सवय.

"थांबा! काटा साठ ग्रॅम कमी दाखवतोय. बाळ चार किलो वीस ग्रॅम आहे."

"आजोबा, वीस ग्रॅमनी काय होतंय?" नर्स म्हणाली.

"असं म्हणणारे किती दुकानदार मी कोर्टात उभे केलेत, ठाऊक आहे?"

माझा आवाज चढलेला ऐकून सर्जनबाई धावत आल्या. चिरंजीवांनी मान खाली घालून सगळी कहाणी सांगितली.

"म्हणजे सहा आठवड्यांत तुम्ही नातीला घेतलंच नाही?" बाई थक्क झाल्या. "अहो, खुर्चीत बसून, दुसऱ्याने मांडीवर दिलं तर पहिल्या दिवसापासून चालतं. कागदाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलंय!"

मागच्या बाजूला!

"मग हे पुढच्या बाजूला छापायला काय झालं होतं?" मी भडकलो. "मी लेखी तक्रार करणार!"

"करा. आधी बसा," बायको म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि छटाकला माझ्या मांडीवर दिलं. छटाकने माझ्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं, जांभई दिली आणि झोपून गेली.

"किती भरतेय, बाबा?" चिरंजीवांनी विचारलं.

हातावर घेतलेल्या कुठल्याही वस्तूचं वजन मी अचूक सांगतो. पण मी तोंड फिरवून खोकल्याचं सोंग आणलं. बायकोने उशी पुढे केली.

तक्रार अजून लिहायची आहे. त्या मागच्या बाजूला नेमकं काय छापलंय, तेवढं एकदा वाचायला हवं. गेले आठ दिवस प्रयत्न करतोय, पण कागद निघेल तर शपथ! डिंक मी लावलाय ना.