दंडातल्या उजेडाचे खंडन

१९६६च्या एप्रिलात घिवलीजवळच्या एका पाड्यावर देवीच्या लशीबद्दल एकही अफवा नव्हती. ही बाब पालघरच्या कचेरीतील अफवा निवारण अधिकारी खंडेराव यांना गंभीर वाटली. बाकीच्या गावांत अफवा होत्या आणि त्यांचे खंडन करून त्यांच्या शाखेने नाव कमावले होते. हा पाडा तेवढा निवारणावाचून राहिला होता. तेव्हा अफवा पोहोचण्याआधी तिचे खंडन पोहोचवावे, असा निर्णय झाला.

त्या सकाळी लस टोचणारे नागोराव पाड्यावरच्या चिंचेखाली बसले होते. समोर रांग होती. पहिली नवसी, कडेवर आठ महिन्यांची तिची भागी. नवसीच्या बहिणीच्या पाड्यावर देवीची साथ येऊन दोन पोरे दगावली होती. नागोराव लशीची कुपी फोडणार, एवढ्यात कोतवाल बुधाने ढोल बडवला.

"ऐका हो ऐका! देवीच्या लशीत अणूची वीज नाय हो! टोचलेला दंड अंधारात पेटत नाय हो! सरकार मानसांच्या अंगातून तारा ओढनार नाय हो!"

रांगेतल्या माना ढोलाकडे वळल्या.

"कोन बोलला व्हता, वीज हाय म्हनून?" रांगेतल्या चिंतूने विचारले.

"कोनीच नाय. म्हनून तर सांगाया धाडलाय," बुधा म्हणाला.

"बुधा, तुज्या लंगोटीत खेकडा नाय, असा मी कदी ढोल वाजवून सांगितलाय?"

"नाय."

"का नाय सांगितला?"

"खेकडाच नाय तर कशाला सांगशील?"

"मंग!"

युक्तिवाद बिनतोड होता. बुधाने तरीही लंगोटी चाचपून पाहिली.

समुद्राकाठी अणुविजेच्या कारखान्याचे बांधकाम चाललेच होते. त्या विजेच्या तारा कुठून ओढणार, हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. तो आता सर्वांना एकदम पडला. रांग पांगली. नवसी उरली.

"दादा, माज्या पोरीला तरी टोचा."

"बाई, एक कुपी पंधरा जणांची. फोडली की ठेवता येत नाही. एकासाठी फोडायची नाही, असा नियम आहे. माणसे आण, लगेच टोचतो."

नवसी भागीला घेऊन विहिरीवर गेली. तिथे जिवली पाणी शेंदत होती.

"कोनाला सांगू नको," नवसी तिच्या कानाशी लागली. "टोचून घेतला का दंडाच्या उजेडात रातचे खाडीत खेकडं धरता येतात. साहेबांना तो उजेड आपल्याच घरी न्यायचाय. म्हनून नाय नाय करत ढोल बडवतात."

"मंग घासलेट?"

"थेंब नको."

जिवलीने कुणालाही न सांगता सगळ्या पाड्याला सांगितले. दुपारपर्यंत चिंचेखाली रांग दुप्पट झाली. चिंतू दोन्ही बाह्या वर करून आला होता.

"दोनी दंडांना टोचा."

"एकालाच टोचतात."

"मंग दुसऱ्या अंगाला अंधार?"

"सरक रे मेल्या, मी पयली व्हती," म्हणत नवसी पुढे घुसली. नागोरावांनी कुपी फोडली. त्याच क्षणी अफवेच्या वासावर कचेरीची जीप येऊन थांबली.

"थांबवा!" खंडेराव उतरता उतरता ओरडले. "ही माणसे चुकीच्या समजुतीने आली आहेत."

"साहेब, कुपी फोडली. आता टोचली नाही तर फुकट जाईल."

"जाऊ द्या. शासनाला लसीकरण हवे आहे, पण योग्य कारणाने." खंडेराव जीपच्या बॉनेटवर चढले. "लोकहो! दंडातून उजेड येत नाही! तो कुणालाही मिळणार नाही!"

"बगा!" चिंतू गरजला. "देनार नाय बोलतो!"

मग कुणी थांबले नाही. दंडांवर दंड पुढे आले. सर्वांत आधी भागीला टोचले. तिने भोकाड पसरले आणि नवसी डोळे पुसत हसत सुटली. रेटारेटीत खंडेराव बॉनेटवरून थेट नागोरावांपुढे येऊन पडले. कुपीत शेवटचा थेंब उरला होता. नियमाप्रमाणे नागोरावांनी तो वाया जाऊ दिला नाही.

पुढच्या महिन्यात साथ कुणालाही न शिवता पाड्यावरून गेली. भागी ओसरीवर रांगत होती, ती रांगतच राहिली. उजेड मात्र कुणाच्याच दंडातून आला नाही. नवसीला आता लबाड ठरवतील, असे नागोरावांना वाटले. पण चिंतूने आधीच उलगडा केला होता: "समदा उजेड तळाशी बसला व्हता. शेवटचा थेंब कोनाला टोचला? साहेबाला!"

ही वार्ता पालघरला पोहोचली. खंडेरावांनी तिचे लेखी खंडन केले. मग घरी जाऊन त्यांनी पत्नी सोजराबाईंना भर दुपारी दारेखिडक्या लावायला सांगितल्या.

"अहो, कशाला?"

"खंडनासाठी," असे म्हणून खंडेरावांनी सदऱ्याची बाही वर केली.

ता. क. : लहानपणी देवीची लस टोचलेल्या कोणत्याही वाचकाच्या दंडातून उजेड येत नाही, असे कचेरी कळवते. दिवा मालवून पाहण्याची आवश्यकता नाही. मालवलाच, तर बाही पुरती वर करावी.