टापटीपने साफ केलेला ड्रायव्हर

ऑफिसात सगळे त्याला टापटीप म्हणायचे. दुसऱ्याच्या टेबलावरचा तिरका कपसुद्धा तो जाता जाता सरळ करायचा. त्यामुळे दाराचं कार्ड वाचणाऱ्या ड्रायव्हरचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, कोड हाती आल्यावर त्याच्या जिवाला चैन पडेना. कंपनी दारांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची आणि हा ड्रायव्हर तिच्यातला सर्वांत जुना. त्यात पावलोपावली पॉइंटरचे टाइप कास्ट होते. म्हणजे मेमरीतल्या अमुक पत्त्यावर जे आहे ते तमुक प्रकारचं समज, असं कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरला दर वेळी बजावलेलं. बहुतेक ठिकाणी ते न सांगताही त्याला कळलं असतं. टापटीपने सगळे कास्ट एकेक करून काढले. कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. कोड लिहिणाऱ्या ताई पलीकडच्याच खोलीत बसायच्या. त्यांना विचारावं असं एकदा त्याच्या मनात आलं, पण ज्यांनी इतका केर केला त्यांनाच काय विचारायचं, म्हणून तो गेला नाही.

सकाळी ऑफिसच्या दारानं नवा ड्रायव्हर घेतला आणि जुनी माणसं तेवढी आत सोडली. नव्या लोकांची कार्डं ते ओळखेना. बाहेर गर्दी झाली. तीत वर्षभरापूर्वीच लागलेला टापटीप होता, आणि गेल्याच महिन्यात आलेले मोठे साहेबही होते. साहेबांनी गार्डला सांगितलं, तुझं कार्ड लाव आणि आम्हाला आत घे. दुसऱ्याच्या कार्डावर कोणालाही आत घ्यायचं नाही हा नियम साहेबांनीच काढलाय, याची गार्डनं नम्रपणे आठवण करून दिली. साहेब लांबच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

टापटीपला आपण काढलेले कास्ट आठवले. लॅपटॉप आत टेबलावर. त्यानं गार्डच्या इंटरकॉमवर ताईंना गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

"कार्डाचा नंबर वाचतात, तिथलाही कास्ट काढलास?"

"हो. कंपायलर काही बोलला नाही."

"तो नाहीच बोलणार. तो कास्ट नसला की मोठे आकडे उणे होतात, आणि नव्या लोकांचेच नंबर मोठे. उणे नंबरच्या माणसाला दार कसं उघडेल?"

टापटीपने मागे वळून पाहिलं. साहेबांसकट सगळे उणे लोक उन्हात ताटकळत होते.

ताईंनी तेवढा एक कास्ट परत घातला. बाकीचे काढलेस ते बरं केलंस, त्या म्हणाल्या; त्या कास्टांची ताईंनाच इतकी वर्षं लाज वाटत होती. थोड्या वेळानं दार उघडलं.

आत येताच साहेबांनी विचारलं, ही चूक कोणाची?

"माझी," ताई म्हणाल्या. "तो कास्ट कशासाठी आहे, हे मी तिथे लिहिलंच नव्हतं."

"नाही सर, माझी," टापटीप म्हणाला. "मी विचारायला गेलो नाही."

साहेब दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. एका चुकीला दोन दोन मालक त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. शेवटी त्यांनी गार्डला बाजूला घेतलं आणि या दोघांवर जरा लक्ष ठेवायला सांगितलं.