दत्तूअण्णांचा अपलोड

इंटरनेटचा वेग मोजायचा म्हटला की दत्तूअण्णा आधी फ्रिज बंद करतात. "तो पण ओढत असतो, तम्मा," मला सांगतात; तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मग जिन्यात उभं राहून वरच्या भाडेकरू पोरांना हाळी, "वायफाय सोडा रे, मोजतोय." कोणाची मीटिंग तुटते, कोणाची मॅच. अण्णांना त्याचं काही नाही.

मी नववीत शाळा सोडून लातूरहून बेंगळुरूला आलो. एचएसआर लेआउटात इंटरनेटच्या तारा ओढायचं काम मला मिळालं ते अण्णांच्या शब्दावर. त्यामुळे त्यांचीच तक्रार आली की मी खांबावरून उतरून आधी तिकडे धावायचो. आणि ती दर रविवारी यायची.

चाचणी तशी साधी. तिकडून डेटाचा एक गठ्ठा आपल्याकडे येतो, किती वेळात आला ते मोजायचं, तो डाउनलोड. मग आपल्याकडून एक गठ्ठा तिकडे जातो, तो अपलोड. लोक पहिल्याच आकड्यावर खूश. अण्णा तो आकडा तळव्यानं झाकून धरतात. "येणाऱ्याचं कौतुक नको. माझ्याकडून जाणारं बघ."

काटा झपकन वर जायचा. मी म्हणायचो, "झकास आहे की, अण्णा."

"आत्ता आहे. नंतर नसतो."

"नंतर म्हणजे कधी?"

"सरी, ठीक आहे, जा तू."

शेवटी कंपनीतले साहेब म्हणाले, आणखी एक तक्रार आली तर दुसरा माणूस बघतो. त्या रविवारी चाचणी झाली तरी मी गेलोच नाही; जिन्यातच बसून राहिलो. "झालं रे," अण्णांनी वर सांगितलं. पोरांनी वायफाय जोडलं, फ्रिज घुरघुरला. उघड्या दारातून दिसलं, अण्णांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि निपाणीच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

तोंडातून शब्द नाही. मिशा पिळल्या, नाक दाबलं, हवेत भाकरी थापली, कोणासारखं तरी पोट पुढे काढून चालून दाखवलं. शांताअक्कांना जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी भावाबहिणीनं घरातच खुणांची भाषा जमवली. आता ती समजणारी दोघंच उरलीत. अण्णांचे हात भरभर चालले होते आणि पलीकडे अक्का आठ्या घालून तळवा हलवत होत्या: दिसत नाही, परत सांग.

मी वर धावलो. पोरं दर रविवारसारखी सकाळीच नंदी हिल्सवरून फिरून आलेली. वायफाय जोडलं की सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप वर चढायला लागत. अण्णा मोजायचे सगळ्यांना तोडून आणि बोलायचे सगळ्यांना जोडून.

"स्वल्प, जरा फोटो थांबवा," मी हात जोडले.

"अंकलनी आधी सांगायचं ना," एक जण म्हणाला आणि त्यांनी थांबवले.

खाली आलो तर अक्का खांदे हलवून हसत होत्या. अण्णांनी मला फोनपुढे ओढलं. मला बघताच अक्कांनी दोन बोटं खांबावर चढवावीत तशी वर नेली आणि मध्येच ती लटलट हलवली.

"हे काय, अण्णा?"

"तू. आमच्यात तुझं नाव आहे ते, कधीचं." अण्णा फोनकडेच बघत होते. "विचारतेय, पोरगा जेवला का."

तक्रारीचं बोलायचं राहूनच गेलं. मी पोटावरून हात फिरवला, मान हलवली. ते तिकडे लगेच पोचलं.