राखीव लिव्हर

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भिवाजी तायडे मास्तरांनी बकऱ्याचं लिव्हर मांडलं, ही मूळ चूक. ज्वालामुखी मांडला असता तर फार तर टेबल जळलं असतं.

चौऱ्याहत्तर सालचा हिवाळा होता. केनवडच्या अलीकडचं एक गाव, गावात हायस्कूल, हायस्कुलात एकुलता एक बी.एस्सी. झालेला माणूस, आणि नेमका तोच तात्पुरता. तायडे मास्तरांना कायम करण्याचा ठराव महिनाअखेरच्या बैठकीत येणार होता. ठराव म्हणजे काय, तर संस्थेचे अध्यक्ष माणिकराव मान कुठल्या दिशेनं हलवतात ते. मान होकारार्थी हलावी म्हणून मास्तरांना काहीतरी जगावेगळं करून दाखवायचं होतं.

एका मासिकात त्यांनी वाचलं होतं, की परदेशात लिव्हर काढून थंड ठेवतात, प्राणवायू मिसळलेलं पाणी यंत्रानं त्याच्या शिरांतून खेळवतात आणि मग ते दुसऱ्या माणसाला बसवून पाहतात. मास्तरांनी यंत्र जुळवलं. प्रयोगशाळेतली काचेची बरणी, घमेल्यात बर्फ, वाशीमच्या वेल्डिंगवाल्याकडून मागून आणलेलं ऑक्सिजनचं नळकांडं आणि पाणी शिरेत ढकलायला जुन्या ट्रकच्या भोंग्याचा रबरी फुगा. फुगा दाबायला शाळेचा शिपाई लखीराम.

माणिकराव उद्घाटनाला आले ते बरणीपाशीच थबकले. अकोल्याच्या डॉक्टरनं त्यांच्या उजव्या बरगडीखाली बोट रोवून दारू सोडायची तंबी दिली, तेव्हापासून, म्हणजे पोळ्यापासून, ते कोरडे होते.

"हे काय होय, मास्तर?"

"लिव्हर आहे, साहेब. थंड ठेवून प्राणवायू दिला की बाहेरसुद्धा काही तास टिकतं. मग पेशंटचं खराब झालेलं काढतात आणि..."

माणिकरावांनी 'काही तास' सोडून बाकी सगळं ऐकलं. "खराब काढतेत अन् हे बसवतेत?"

"परदेशात, साहेब. प्रयोग चालू आहेत. आणि हे तर बकऱ्याचं आहे."

"मंग काय झालं? बकऱ्यानं जल्मात दारू शिवली नाही." माणिकरावांनी बरणीवर टिचकी मारली. "हे माह्यं. सांभाळून ठेवा."

त्याच दिवसापासून माणिकराव पुन्हा प्यायला बसले. पूर्वी ते नुसत्या सवयीनं पीत, आता विज्ञान त्यांच्या पाठीशी होतं.

तिसऱ्या दिवशी लखीराम नाकाला उपरणं लावून आला. "सर, साहेबाच्या लिव्हरले वास सुटला."

"मी आत्ताच जाऊन खरं काय ते सांगतो त्यांना."

"सांगा ना. ठरावाच्या आंधी सांगता का मंग?"

मास्तरांनी जरा विचार केला आणि लखीरामला खाटकाकडे पाठवलं. नवं लिव्हर थोराड बोकडाचं निघालं. माणिकराव फेरी मारायला आले आणि वाकून पाहत म्हणाले, "वाढून राह्यलं वाटते." हेडमास्तर मदतीला धावले. "प्राणवायूनं वाढते, साहेब." हेडमास्तर इतिहास शिकवत.

मग लिव्हर बदलणं नेमानंच सुरू झालं. साहेबांचं लिव्हर एक क्षणही उपाशी राहू नये म्हणून वेळापत्रकातून बीजगणित काढून त्या जागी 'फुगा' हा तास घालण्यात आला. ड्रिलचे सर शिट्टी वाजवत आणि पोरं तालावर फुगा दाबत. एकट्या लिव्हरसाठी अख्खी शाळा राबू लागली. शाळा एखाद्याच माणसासाठी राबते यात तसं नवीन काही नव्हतं, फक्त आता ते काचेतून दिसत होतं.

एका दुपारी माणिकरावांच्या घरच्या दुर्गाबाई पदर खोचून प्रयोगशाळेत आल्या.

"मास्तर, पोळ्यापासून माहा माणूस सुदा होता. आता गिलास भरते अन् मलेच म्हणते, काहून भेतं, शाळेत दुसरं हाय."

मास्तरांनी खालमानेनं सगळं सांगून टाकलं. दुर्गाबाईंनी बरणीत डोकावून पाहिलं.

"ही तं कलेजी होय."

"हो, बाईसाहेब."

"मंग बसवून टाकतो म्हणा ना त्याहिले. चीज तयार हाय म्हणा. बकऱ्याचं हाय, तं गुराचा डॉक्टर कापीन म्हणा. तो माणूस सुईले भेते, मास्तर. सुरीचं नाव काढा, गिलास हातातून गळते का नाही पाहा."

उपाय बिनचूक होता. महिनाअखेरच्या बैठकीत मास्तर उभे राहिले. "लिव्हर तयार आहे, साहेब. गुरुवारी गुरांचे डॉक्टर येतील. भूल तेवढी बैलाच्या मापाची आहे."

माणिकरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पाणी मागवलं, प्यायले, पुन्हा मागवलं. पण इतकी वर्षं अध्यक्षपद टिकवलेला माणूस असा हाती लागत नसतो.

"नवी चीज हाय," ते सावकाश म्हणाले. "पयले दुसऱ्या कोणावर करून पाहू. कायमच्या माणसावर नको. टेम्पररीवर करा."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. टेम्पररी एकच होता. सगळ्यांच्या माना तायडे मास्तरांकडे वळल्या, ठरावाला हलायच्या होत्या तशाच, एकमतानं.

मास्तर घाबरले आणि घाबरून तर्काला धरून बोलले. "पण साहेब, माझं लिव्हर चांगलं आहे. ते उगाच काढलं तर वाया जाईल."

माणिकरावांनी पेला खाली ठेवला.

"चांगलं हाय? दारू?"

"आमच्या घरात कोणीच शिवत नाही."

"बिडी? तमाखू?"

"नाही."

मंगरूळपीरच्या बाजारात बैल पाहावा तसं माणिकरावांनी मास्तरांना वरून खाली पाहिलं. याच माणिकरावांच्या घरी मास्तरांचा चहाचा पेला वेगळा, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. पण मास्तरांचं लिव्हर थेट पोटात घ्यायला त्यांची काहीच हरकत दिसली नाही.

"मंग बकऱ्याचं कायले पाह्यजे? फेका ते," ते म्हणाले. "अन् असा माणूस उद्या दुसऱ्या संस्थेत गेला तं? कायम करा त्याले."

ठराव मंजूर झाला. हे लिव्हर सगळ्यांनाच सोयीचं वाटलं. बर्फ लागत नव्हता, फुगा दाबावा लागत नव्हता, स्वतःच्या पायांनी वेळेवर शाळेत येत होतं आणि खर्च सरकारी अनुदानातून निघत होता. दुर्गाबाईंकडून मास्तरांना रोज तांब्याभर ताक येऊ लागलं. ते मास्तरांसाठी होतं की लिव्हरसाठी, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. माणिकरावांचा ग्लास मात्र आता दिवसाउजेडी भरू लागला.

कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मास्तर स्टँडवरच्या हॉटेलात गेले आणि त्यांनी मिरचीभजी मागवली. पहिलं भजं तोंडाशी नेतात तोच मागून हात आला आणि बशी उचलली गेली. लखीराम होता.

"साहेबानं सांगतलं, तेलकट खाऊ द्याचं नाही."

"अरे, पोट माझं आहे ना?"

"पोट तुमचंच हाय, सर," लखीराम समजुतीनं म्हणाला आणि त्यानं एक भजं स्वतःच्या तोंडात टाकलं. "लिव्हर साहेबाचं हाय."