कपाटाचे केस

कल्पना करा, तुम्ही मैत्रिणीला चिठ्ठी पाठवलीत आणि वाटेत कुणीतरी ती उघडून त्यातला एक शब्द बदलला. चिमणीच्या आत्याचं कामच ते. वेबसाइटमधल्या चुका शोधायला तिच्या कॉम्प्युटरवर प्रॉक्सी, म्हणजे वाटेतला एक नाका, होती. काळ्या पडद्यावर ती एक ओळ टाइप करायची, मग मोबाइलकडे निघालेलं पान आधी तिच्याकडे थांबायचं, हवं तसं बदलायचं आणि पुढे जायचं. तपासणीसाठी बाबांचा मोबाइलही तिने त्याला जोडून ठेवला होता.

घरात मात्र वेगळंच पेटलं होतं. बाबांना शिंका आवरत नव्हत्या आणि त्यांचा संशय चिमणीच्या मांजरावर होता. आज मोबाइलवर शिंकांबद्दलचा लेख नीट वाचतो आणि उद्या त्याला मावशीकडे पोचवतो, असं त्यांनी जाहीर केलं. चिमणी रडवेली होऊन आत्याकडे गेली.

"एकच शब्द बदल ना गं."

"मांजराऐवजी काय घालू?"

चिमणीने समोर दिसलं ते सांगितलं. "कपाट."

बाबा वाचायला बसले. "कपाटाच्या केसांमुळे शिंका येतात," ते गंभीरपणे म्हणाले. "कपाटाला अधूनमधून अंघोळ घालावी. अंथरुणात घेऊ नये."

"तुम्ही कधी घेतलंत?" आईने विचारलं.

"अंथरुणात नाही, पण रात्रभर खोलीत असतंच ना ते."

आत्या तोंडाला रुमाल लावून गॅलरीत पळाली. बाबांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून ते अवजड धूड जिन्यात नेलं. शेजाऱ्यांनी कारण विचारलं, तेव्हा त्याचे केस गळतात असं बाबांनी सांगितलं. शेजाऱ्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि विषय वाढवला नाही.

कपाटामागची भिंत बुरशीने हिरवीगार झाली होती. आईने ती घासून काढली आणि काय सांगावं, बाबांच्या शिंका थांबल्या.

बाबा हवेत तरंगू लागले. त्यांचे साहेबही शिंकायचे. उद्या ऑफिसात जाऊन साहेबांच्या मोबाइलवर तोच लेख उघडून द्यायचा आणि त्यांचं भिंतभर कपाट हलवायला लावायचं, असा त्यांचा बेत ठरला.

चिमणी धावत आत्याकडे गेली. साहेबांच्या मोबाइलवर तर मांजरच दिसणार होतं. सगळं ऑफिस बाबांना हसलं असतं. आणि खरं सांगावं, तर मांजराची रवानगी ठरलेली.

"तूच ठरव," आत्या म्हणाली.

चिमणीने काळ्या पडद्यावरची ती ओळ पुसून टाकली. मग मांजर उचलून बाबांच्या मांडीवर ठेवलं, ते घुरघुरायला लागेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बाबा, तो लेख परत एकदा वाचा."