प्रयोगशाळेत शिरलेला पुरुष

"हा पुरुष आला कुठून?" सरांनी निकालाचा कागद टेबलावर आपटला.

त्यांच्या विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध केडीएम-फाइव्ह-डी या एका जनुकावर उभा होता. पेशीतला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवरच्या काही रासायनिक खुणा पुसणारं विकर, म्हणजे एन्झाइम, या जनुकामुळे बनतं. आणि हे जनुक असतं फक्त पुरुषांत. म्हणून ते शोधणाऱ्या चाचणीची परीक्षा घ्यायला बायकांचं रक्त तपासलं होतं. तिथे काही म्हणजे काही दिसायला नको होतं. दिसलं, आणि तेही प्रत्येक नळीत.

सर नेहमीसारखे उघड्या नळ्यांवर ओणवे झाले आणि त्यांनी हलगर्जीपणावर व्याख्यान झोडलं. मग रसायनं पुरवणाऱ्याला फोनवरून झाडलं. शेवटी संशय दिवा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनवर गेला. तो बिचारा दारातूनच परतला होता. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताई आणि विद्यार्थिनी एकमेकींकडे पाहत राहिल्या. उरला कोण, हे दोघींनाही दिसत होतं. पण प्रबंधावर सही सरांची हवी होती, आणि नळ्या स्वच्छ निघेपर्यंत ती मिळणार नव्हती.

"सर, कदाचित बोलताना..." ती चाचरली.

"बोलताना काय? स्पष्ट बोल."

"काही नाही, सर."

उपाय सरांनीच काढला. दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली: काम पुरं होईपर्यंत पुरुषांना प्रवेश बंद. खुद्द संचालक आले तरी सोडायचं नाही, असं त्यांनी ताईंना बजावलं.

सकाळी सर आले तर ताई दारातच उभ्या.

"सर, पाटी."

"मीच लावलीय ती."

"हो ना. कुणालाच सोडायचं नाही म्हणालात."

दार त्यांच्या तोंडावर हलकेच लागलं. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळी सकाळ ते दाराच्या काचेला नाक लावून ओरडत होते, झाकण लाव, हात सरळ ठेव, घाई कसली आहे. आत अक्षर पोचत नव्हतं. विद्यार्थिनी अधूनमधून अदबीने मान डोलवत होती आणि नव्या नळ्या भरत होती.

दुपारी तिने निकाल आतून काचेला लावला. सरांनी चष्मा सारखा केला, तरी अक्षरं धूसरच. काचेवर थुंकीच्या बारीक तुषारांची दाटी झाली होती. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. तुषार बाहेरच्या बाजूला होते.

मग रुमालाने काच पुसून त्यांनी निकाल वाचला. एकाही नळीत पुरुष नव्हता.

"प्रबंध बाहेर आण," ते पुटपुटले. "सही करतो."

ताईंनी दार किलकिलं केलं. "पाटी काढू का, सर?"

"राहू दे." सरांनी रुमाल तोंडावर धरला होता. "आणि तो वायरमन पुन्हा दिसला तर मला सांगा."