साळवीकाकांचा होम प्लेटवरचा फोटो

साळवीकाका मैदानावर येतात ते थेट पालथे पडतात. वय सदुसष्ट, अंगात पांढराशुभ्र शर्ट, आणि खाली आमच्या शाळेच्या मैदानाची लाल माती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना चक्कर आली. पाण्याची बाटली घेऊन धावले, तर खालून आवाज आला, ''मॅडम, बाजूला व्हा. फोटोत येताय.''

मी डोंबिवलीत शाळेत पीटी शिकवते, मुलींची बेसबॉलची टीम सांभाळते. काका शाळेमागच्या बिल्डिंगमध्ये एकटेच राहतात. नोकरी एक्स-रे काढायची. पस्तीस वर्षं लोकांना ''श्वास रोखा, हलू नका'' सांगितलं आणि सुट्टीच्या दिवशी पळणाऱ्या माणसांचे फोटो काढले. रिटायर झाल्यापासून आमची एकही मॅच चुकवलेली नाही. खेळ रंगात आला की प्रेक्षकांवरच ओरडतात, ''श्वास रोखा!'' मुलींच्या चार आया खरंच रोखतात.

''चेंडूच्या मागे लागायचं नाही, तो आपलं ऐकणार नाही,'' ते मला समजावतात. ''मुलगी जिथे पोचणार, तिथे आधीच फोकस लावून बसायचं. डोळ्याला दिसेपर्यंत थांबलात की फोटो गेला!'' लाल छत्रीवाल्या एका आजोबांना त्यांनी तीनदा उठवलंय, कारण फोटोत छत्री मुलीच्या डोक्यातून उगवते. एकदा अंपायरलाही म्हणाले, ''साहेब, दोन पावलं डावीकडे.'' अंपायर सरकले!

एकच फोटो त्यांना कधी मिळाला नव्हता. होम प्लेटवर, म्हणजे जिथे पोचलं की रन होते तिथे, घसरत येणारी मुलगी, उडालेली माती आणि चेहरा पूर्ण.

यंदा ठाण्यात फायनल होती. शेवटचा डाव, आम्ही एका रनने मागे, दोघी आऊट. तिसऱ्या बेसवर सायली. वर्षभर राखीव बसलेली ही मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा मैदानात उतरलेली. ती होम प्लेटला पोचली तर बरोबरी, नाहीतर संपलं. काका दोरीमागे पालथे. त्या दिवशी ते ओरडलेसुद्धा नाहीत.

फटका बसला. सायली सुटली. समोरच्या टीममधल्या मुलीने चेंडू उचलला, होम प्लेटकडे फेकला.

''स्लाइड! सायली, स्लाइड कर!'' मी ओरडले.

मातीचा लोट उठला. अंपायरची मूठ वर गेली. आऊट.

सायली उठेचना. मी तिला धरून आणलं तोवर बाकीच्या मुलींनी काकांना घेरलेलं. ''काका, दाखवा ना! खरंच आऊट होती का?''

सायली मुलींबरोबर समोर, मी काकांच्या मागे. स्क्रीनवर तो फोटो होता. मातीचा कण न् कण हवेत, पाय प्लेटच्या बोटभर अलीकडे, घोट्याला टेकलेला चेंडूसकट ग्लव्ह, आणि सायलीचा चेहरा. आपण आऊट झालो हे त्या चेहऱ्याला कळलेलं होतं. काकांनी काढलेला इतका चांगला फोटो मी आजवर पाहिला नव्हता.

त्यांचा अंगठा बटणावर गेला. फोटो नाहीसा झाला.

''नाही मिळाला गं,'' ते म्हणाले. ''बोट उशिरा दाबलं.''

सायलीने नाक पुसत वर पाहिलं. ''काका, तुमचंपण चुकतं?''

''चुकतं ना.''

ती जराशी हसली.

परतताना बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. ''का पुसलात हो?''

त्यांनी कॅमेऱ्याची बॅग पायाशी ठेवली. ''माझी मुलगी खो-खो खेळायची. फायनलला शेवटच्या क्षणी बाद झाली. तिचा तो चेहरा मी मोठा करून हॉलमध्ये लावला. आल्यागेल्याला दाखवायचो, बघा काय फोटो आलाय! तिने खेळ सोडला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. लग्न होऊन गेली तोवर भिंतीवरच होता.''

''आता कुठे असते?''

''बदलापूरला. मध्ये नातीचं बारसं झालं. फोनवर म्हणाली, बाबा, या. पण कॅमेरा आणू नका.''

''मग? गेलात?''

''गेलो की. हात मोकळेच होते. दोन तास नातीला घेऊन बसलो.''